तांदूळ द्यायला आलो

"निष्कर्ष शेवटच्या पानावर का? तो पहिल्याच परिच्छेदात हवा," परीक्षकानं लिहिलं होतं. ते वाचून क्षितिजाच्या डोक्यात तिडीक गेली. अहो, तिच्या पेपरचा विषयच तो होता! मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना मुद्दा शेवटी का ठेवतात, हेच तर ती त्यात सांगत होती.

"आमच्या केमिस्ट्रीत बघ," खोलीतली जोडीदारीण दिशा लॅबला निघता निघता म्हणाली. "काय सापडलं ते पहिल्या ओळीत. तुम्हा समाजशास्त्रवाल्यांना मेलं आधी सगळ्या गावाची खुशाली लागते!"

चिडून उपयोग नव्हता. सुधारलेला पेपर आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. नाही गेला, तर पीएचडी आणखी वर्षभर रखडणार. क्षितिजानं निमूटपणे शेवटचं पान उचलून वर आणलं. त्यासरशी बाकीचं सगळं विस्कटलं, आणि ते सावरत बसलेली असतानाच दारात तिचे वडील, आबा उभे.

ताम्हिणीच्या घरून एसटीनं नेऱ्यातल्या तिच्या खोलीपर्यंत, तेही न कळवता. आबांनी खांद्यावरचं तांदळाचं गाठोडं खाली ठेवलं, छत्री कोपऱ्यात टेकवली.

"असं अचानक, आबा?"

"सहज. तांदूळ द्यायचा हुता."

मग त्यांचं सुरू झालं. घाटात पाऊस लई. दरडीनं गाडी अडकली. म्हशीला आता त्यांच्याच हाताची सवय झालीया. शेजारची धोंडाबाई भाकरी देते, पण तिच्या कालवणात मीठ फार. क्षितिजा 'हं, हं' करत टाइप करत होती. एक वाक्य जुळवावं, तर आबा शेजारच्यांच्या गळक्या छपरापर्यंत पोचायचे.

"आबा, मला पाचच्या आत हे पाठवायचंय. काय असेल ते आधी सांगून टाका ना!"

आबा तांब्यातलं पाणी प्यायले.

"कायच न्हाई गं. असंच आलतो. कर तू तुजं काम."

ते उठले. क्षितिजा पुन्हा पेपरकडं वळली. मघाशी वर आणलेलं तिचंच वाक्य तिथं होतं, चांगलं घोटून घोटून लिहिलेल्या इंग्रजीत: आमच्याकडे महत्त्वाचं बोलणं निघताना, दारात उभं राहून होतं; घाई केली, तर ते होतच नाही.

तिनं दाराकडं पाहिलं. आबांनी एक चप्पल घातलीसुद्धा होती.

तिनं लॅपटॉप मिटला.

"आबा, चपला काढा बघू. चहा टाकते. पाऊस कसा हाय म्हनालात?"

आबांनी पायातली चप्पल काढली. मग परत येऊन बसले, आणि त्यांनी पार पावसापासून सुरुवात केली. या वेळी ती ऐकत होती. म्हशीची धार आबा काढतायत. भाकरी धोंडाबाई देतेय. चहाची साखर काढताना तिचं लक्ष गाठोड्याकडं गेलं. तांदूळ न पाखडलेला, खडे-तुसासकट. आईनं असा तांदूळ आजवर कधी पाठवला नव्हता. आईबद्दल विचारावंसं वाटत होतं, तरी तिनं ओठ मिटून धरले.

"मग दरड कवा काढली?" तिनं विचारलं.

आबांनी दरड सांगितली. शेजारच्यांचं छप्पर सांगितलं. चहा संपला, पाचही वाजून गेले. क्षितिजाला पेपर आठवला, तरी ती जागची हलली नाही.

शेवटी आबा उठले. दोन्ही चपला घातल्या. उंबऱ्यात थांबून छत्रीची कडी चाचपत, तिच्याकडं न बघता म्हणाले,

"गुरवारी तुज्या आईचं आपरेशन हाय. पोटात गाठ निघालीया. पोरीला सांगायला जायचं न्हाई, म्हनून शपथ घातलीया तिनं मला." त्यांनी छत्री काखेत मारली. "म्हनून मी सांगायला न्हाई आलो. तांदूळ द्यायला आलो."