वामनरावांची बंगई

पंजाबराव काही केल्या बंगईवर बसेना.

मुलगी पाहायला आलेला नवरदेव तो, आणि दारव्ह्याला वामनरावांच्या घरी पाहुण्याचा पहिला मान बंगईचा. सागवानी फळीचा, पितळी साखळ्यांचा हा झोपाळा वामनरावांच्या बापानं हौसेनं टांगलेला. दुपारची झोप वामनराव बंगईवरच काढत. आणि हा पठ्ठ्या उभाच, मान वर करून तुळईकडे बघतोय. मागून सदरा ओढून ओढून त्याचे वडील नानाजी थकले.

आधीच लग्न जमता जमेना. पंजाबराव बंगलोरला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. काम काय, तर विमानाचा पंख यंत्राला बांधायचा आणि तुटेपर्यंत वरखाली वाकवत राहायचा. हे ऐकून आर्णीपासून पुसदपर्यंत मुलींच्या बापांनी हात जोडले होते. तोडायचा पगार घेणाऱ्याला पोरगी कोण देणार? वामनरावांनीही मघाशी विचारलंच, पंख तुटला तर नोकरी जाते का. हा म्हणाला, तुटायच्या आधी थांबलो तर जाईल. ते ऐकून मुलीला, इंदूला, हसू आवरलं नाही. गडी तिथेच विरघळला. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्याच्या मनानं घेतलं.

"बसत काहून नाही?" वामनरावांचा आवाज चढला.

"काकाजी, वरची कडी थकली हाये. लोखंड एकदम नाही तुटत. झोके खाऊन खाऊन थकते, मंग तुटते."

एवढ्यावर थांबावं की नाही? त्यानं सरकीची पोती मागवली, फळीवर रचली आणि झोके द्यायला लागला. चहा निवला, पोहे वाळले. कडी काही तुटेना. शेवटी वामनराव भडकले. बापाची बंगई मोडायला निघालेला जावई मला नको, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. नानाजींनी टोपी घातली. पंजाबरावाचा चेहरा पाहवत नव्हता.

दोघं दारापर्यंत पोचले, तरी मागून बंगईची कुरकुर चालूच. इंदू झोके देत होती. वामनराव राहू दे म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

कडकन आवाज झाला आणि फळी पोत्यांसकट खाली आदळली. वामनराव जिथं डोकं ठेवत, तिथलं पोतं फाटून सरकी घरभर सांडली. त्यांनी तुटकी कडी उचलून उलटसुलट पाहिली. मग इंदूला पाहुण्यांसाठी नवा चहा ठेवायला सांगितलं.

वैशाखात वरात आली. नवरदेव मांडवाच्या दाराशी पोचला, तर वामनराव हात आडवा करून उभे. वाजंत्री थांबली. आता काय बिनसलं, म्हणून नानाजी गर्दीतून पुढे घुसले.

"जवाईबापू," वामनराव म्हणाले, "मांडव तयार हाये. पावणे बसायच्या आधी एकडाव तोडून पाहा."