मध्येच बोलणारी
नातीचे दुधाचे दात पडायला लागले, त्या वर्षी मी माझं पहिलं पुस्तक स्वतःच ऑनलाइन प्रकाशित केलं. गवंडीकामात जन्म गेला, अक्षरं साठीनंतर शिकलो. म्हणून मी बोलायचो आणि फोन लिहून घ्यायचा. पुन्हा न वाचताच पुस्तक चढवलं. पहिल्याच वाचकाने विचारलं, “मध्येच बोलणारी ही बाई कोण?” पाहतो तर काय, पाया खणण्याच्या वर्णनात, “अहो, चष्मा डोक्यावरच आहे तुमच्या.” मी बांधलेल्या पहिल्या भिंतीच्या प्रकरणात, “थापा मारू नका, विटा मी वाहत होते. ती भिंत पडली होती.” स्वयंपाकघरातून बायको जे जे बोलली, ते फोनने इमानेइतबारे टिपलं होतं. ती लाजून चूर झाली. “जगासमोर शोभा केलीत माझी! आधी ते काढा.” ऑनलाइन पुस्तकात दुरुस्ती केव्हाही करता येते, म्हणून मी म्हणालो, “उद्या नक्की काढतो.” शेवटी आज तो शब्द पाळायला बसलो. घरात मी एकटाच. तिच्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं आणि सवयीने विचारलं, “काढू ना गं?” फोनचा माइक चालूच राहिला होता. पडद्यावर माझा प्रश्न उमटला, आणि मी तोंड मिटून बसलो असताना त्याखाली आणखी एक शब्द आला: “अहो”. पुढे काही नाही. ती वाक्य पुरं करेल म्हणून मी अजून फोन बंद केलेला नाही. बायको गेल्या महिन्यात, सात तारखेला, सोमवारी सकाळी वारली.