डोंगरातली बोली

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात वाढलेली ट्वायला पहिल्याच चित्रपटात आपल्या गावच्या बोलीत बोलली आणि समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. हॉलिवूडचा एजंट म्हणाला, "पोरी, ही गावंढळ बोली आधी टाक, नाहीतर पडद्यावर जन्मभर कोंबड्याच राखशील." तिने टाकली. मग वर्षानुवर्षं कुणाच्या तरी बायकोच्या चार ओळी.

आज अखेर तिच्याच डोंगरातल्या बाईची प्रमुख भूमिका होती. ही गेली तर पुढे काहीच नव्हतं. ऑडिशनला ती थेट आपल्या आईसारखी बोलली.

निवड करणाऱ्याने नाक मुरडलं. "मॅडम, फारच खोटं वाटतं हो. कधी गेलायत तरी का केंटकीला?"

"तुम्ही गेलायत?"

 

"मला काय गरज? काल लंडनची नटी येऊन गेली. तिच्याकडून शिकून घ्या, केंटकीची बोली अस्सल बोलते!"