बंपरची उंची

पहिला गुद्दा बंपरच्या उंचीवरून पडला. मेहुण्याने तो परीक्षकांच्या, म्हणजे आपल्याच भाऊजींच्या, नाकावर मारला आणि लगेच टेबलावरचं आपलं मॉडेल दोन्ही हातांनी झाकलं. रक्ताचा थेंब बॉनेटवर पडला असता तर रंगाचेही गुण गेले असते.

"कंपनीच्या नकाशापेक्षा अर्धा मिलिमीटर वर आहे," परीक्षक नाक धरून म्हणाले. गुद्द्याआधीही ते हेच म्हणाले होते.

प्लास्टिकच्या किटमधून जोडलेल्या छोट्या गाड्यांची ही स्पर्धा. मॉडेल खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं; चूक मात्र पूर्ण आकाराची धरली जाते. परीक्षकांना सगळे मिलिमीटरसाहेब म्हणत. सासरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा टेबलाचा एक पाय तोकडा असल्याचं त्यांनी सासूबाईंना ताट पुढ्यात यायच्या आधीच सांगितलं होतं.

मेहुण्याचं मॉडेल म्हणजे त्याच्या वडिलांची गाडी होती. वडील गेले, गाडी थोरल्या बहिणीकडे, म्हणजे परीक्षकांच्याच घरी आली. पहिलं आलेलं मॉडेल सभागृहाच्या दारातल्या काचेच्या कपाटात कायमचं जातं. बाबांनी तिथे बसावं, एवढंच मेहुण्याला हवं होतं.

"भाऊजी, कंपनीचा नकाशा काय दाखवता? गाडी खाली उभी आहे. तुम्हीच चालवत आलात ना? चला, मोजा."

"मोजतो. आधी कॉलर सोड."

सगळे खाली अंगणात आले. मॉडेल मेहुण्याने छातीशी धरून आणलं. बाकीचे दोन परीक्षक खुर्च्या घेऊन आले.

मिलिमीटरसाहेब खऱ्या गाडीपुढे गुडघ्यांवर बसले. जमिनीपासून बंपरपर्यंत टेप लावला, मनातल्या मनात भागाकार केला, पुन्हा टेप लावला. मग बराच वेळ उठलेच नाहीत.

"काय आलं?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"गाडी चुकलीय."

"अहो, गाडी कशी चुकेल?"

"बंपर बोटभर वर बसवलाय. तुझ्या बाबांनी फाटकाला ठोकली होती ना, तेव्हा गॅरेजवाल्याने घोळ घातला असणार. याने चुकीच्या गाडीची बरोबर नक्कल केलीय. त्याला गुण नाहीत."

मेहुण्याने मॉडेल कट्ट्यावर जपून ठेवलं, त्याची चाकं सरळ केली आणि भाऊजींच्या कानाखाली आवाज काढला. या वेळी भाऊजींनी टेपच्या डबीने उत्तर दिलं. मेहुण्याची भुवई फुटली. दोघे एकमेकांच्या गळ्यात हात घालून, म्हणजे गळा आवळून, बॉनेटवर आडवे झाले.

"आरसा! अरे, आरसा सांभाळा!" खुर्चीतून कोणीतरी ओरडलं. माणसं सांभाळा, असं कोणीच म्हणालं नाही.

"सोड," परीक्षक घुसमटत म्हणाले. "चूक मी आत्ता दुरुस्त करतो."

त्यांनी डिकी उघडली आणि हातोडी काढली.

"अहो, बाबांची गाडी आहे ती!"

"म्हणूनच. त्यांच्या नावावर चूक राहायला नको."

पहिल्या घावात बंपर डावीकडे खाली आला, जरा जास्तच. मग खालून वर एक. त्याने पुढची जाळी दुभंगली. उजवीकडून समतोल साधायला गेले तर उजवा दिवा फुटला आणि काचा त्यांच्या मनगटात घुसल्या. बायकोने मागून ओढलं. शर्टाची बाही तिच्या हातात आली, नवरा आला नाही. बंपरचं एक टोक सुटलं, लोंबकळलं. ते त्यांनी गुडघ्याने वर उचललं, टेप लावला आणि समाधानाने श्वास सोडला.

"ही उंची. नकाशाप्रमाणे."

गुडघा काढल्यावर टोक पुन्हा खाली गेलं. ते त्यांनी मोजलं नाही.

खुर्चीतले एक परीक्षक उठून मॉडेल आणि गाडी आळीपाळीने बघू लागले. "आता मात्र," ते हळहळून म्हणाले, "हे अजिबातच जुळत नाही."

मेहुण्याने भाऊजींच्या हातातली हातोडी घेतली. वर्षभर जोडलेलं मॉडेल कट्ट्यावरून उचलून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते पुसलं, आणि घाव घातला. जाळी दुभंगली. दुसऱ्या घावाला दिव्यांच्या काचा उडाल्या. मग खिशातून चिमटा काढून त्याने बंपरचं एक टोक सोडवलं आणि खऱ्या बंपरकडे बघत बघत तितकंच लोंबतं केलं.

"बघा आता, भाऊजी."

मिलिमीटरसाहेब कॅलिपर घेऊन वाकले. लोंबतं टोक मोजलं, जाळीची भेग मोजली, आणि त्यांचा रक्ताळलेला चेहरा हळूहळू उजळत गेला. इतकं हुबेहूब काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"बास झालं," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. "द्या त्याला पहिला नंबर आणि घरी चला."

"दिला असता," ते म्हणाले. "पण डावा दिवा. याचा फुटलाय. गाडीचा शाबूत आहे."

मेहुण्याने मॉडेलकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. बहीण पटकन डाव्या दिव्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला आणि हातोडी उचलली. "ताई, जरा बाजूला हो."