मासेमारीचे चार दिवस

थेम्सच्या काठावर जुन्या लाकडी बोटींची मिरवणूक बघायला मॉरीन भर पावसात छत्री धरून उभी होती. वडील गेल्यावर त्यांची बोट विकली त्याला तीस वर्षं झाली, पण ‘विनिफ्रेड’ हे तिच्या आईचं नाव बोटीवर अजून तसंच होतं. ती बोट समोर आली, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

“अहो, टोपी घाला, भिजाल! एवढा मान द्यावा असं काही केलेलं नाही हिने,” मॉरीन हसत म्हणाली. “युद्धात, चाळीस साली, आपले सैनिक डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकले ना, तेव्हा आमच्या धक्क्यावरच्या सगळ्या बोटी त्यांना आणायला समुद्रापार गेल्या. आईने वडिलांना बजावलं, ‘तिकडे गेलात तर याद राखा!’ ते म्हणाले, ‘छे गं, मी आपला मासे धरायला चाललोय.’ चार दिवसांनी उगवले ते हात हलवत. एक मासा नाही! आईने मरेपर्यंत ऐकवलं त्यांना, ‘लोकांनी माणसं आणली, ह्यांना साधे मासे आणता आले नाहीत.’ आणि ते आपले गालातल्या गालात हसायचे.”

म्हातारा बोटीकडे बघतच राहिला. पाऊस त्याच्या टकलावरून खाली ओघळत होता.


“मासे ठेवणार कुठे, बाई? आम्ही एकोणीस जण बसलो होतो हिच्यात.”