मागचे पाय

शिंप्याने घोडा टेबलावर उताणा पाडला आणि पोटाची शिवण चाचपून पाहिली.

"पोट शाबूत आहे," तो म्हणाला. "मानेत जरा कापूस कोंबायला हवा. बाकी हे जनावर आपल्याला पोचवूनच जाईल."

समोर स्टुलावर चष्मेवाला बसला होता. रस्त्यापलीकडे त्याचं चष्म्यांचं दुकान. एरवी तो आल्या आल्या मशीनच्या पाट्यावर ताल धरायचा. आज हात मांडीखाली दाबून बसला होता.

घोडा कापडाचा, तपकिरी, आत दोन माणसं मावतील असा. एका जुन्या सिनेमात होता, हुबेहूब तसा. राजवाड्यातले दोन खानसामे कैदेतल्या राजकन्येला सोडवतात, पण घोडाच मिळत नाही. मग पडद्यांचा घोडा शिवतात, स्वतः आत शिरतात, राजकन्येला वर बसवतात आणि पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून गात गात दुडक्या चालीने निघून जातात. पहारेकरी सलाम ठोकतात. पुढे दोरांचा पूल लागतो, तिथे घोड्याचं अर्धं अंग अलीकडे आणि अर्धं पलीकडे होतं, तरी गाणं थांबत नाही. अजूनही तो सिनेमा टीव्हीवर लागला की माणसं हातातलं काम टाकून बसतात. पुढचं सगळं पाठ असूनही पुलापाशी शेजारच्याचा हात धरतात.

एवढं काय आहे त्यात, असं कोणी विचारलं की शिंपी म्हणायचा, "दोघेही एक नंबरचे भित्रे. पण एकाच वेळी कधी घाबरत नाहीत."

त्या गाण्यावर या दोघांनी ऐन तारुण्यात हा घोडा उभा केला होता आणि आजवर कितीतरी लग्नांत, वाढदिवसांना नाचवला होता. चष्मेवाला पुढे, मान डोलावत गाणारा. शिंपी मागे, कमरेत वाकून, दुसरा आवाज लावणारा. महिन्याभरापूर्वी टीव्हीवाल्यांचा फोन आला, घोडा घेऊन कार्यक्रमात नाचायला या म्हणून. गल्लीभर बोभाटा झाला. शिंप्याच्या बायकोने तर माहेरी कळवूनही टाकलं.

"अजून एक काम होतं," चष्मेवाला म्हणाला. "मागचे पाय लांब करायचेत. चार बोटं."

"मागचे?" शिंपी हसला. "या वयात माझी उंची वाढली की काय?"

चष्मेवाला हसला नाही. शिंप्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग उतरलं.

"कोण आहे?"

"डान्स टीचर आहे एक. चांगला मुलगा आहे. अरे, तिथे उड्याबिड्या माराव्या लागणार. तुझी कंबर ही अशी. म्हटलं, तुला कशाला त्रास?"

"मी केली होती का तक्रार?"

"तसं नाही रे."

"टीव्हीवाल्यांनी सांगितलं, माणूस बदला म्हणून?"

चष्मेवाल्याने खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचा चष्मा पुसायला घेतला. "आत कोण आहे ते लोकांना कुठे दिसतं?" तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, पुन्हा घातली. घोड्याची मागची तंगडी त्याने हातात धरली. गुडघ्यावर तीन वेगवेगळ्या कापडांची ठिगळं होती. सगळी त्यानेच लावलेली.

"अंदाजाने शिवत नाही मी," तो म्हणाला. "माणूस पाठव. माप घेतो."

"गाडीतच बसलाय."

म्हणजे इतका वेळ तो बाहेर गाडीत होता.

डान्स टीचर आत आला तो हसतच. उंच, सडपातळ, पटकन कोणालाही आवडावा असा. "काका, हा सिनेमा म्हणजे माझ्या आईचा जीव की प्राण!" तो म्हणाला आणि मागचा अर्धा घोडा पायांत चढवता चढवता त्याने दुसऱ्या आवाजातली ओळ गुणगुणली. सूर बरोबर लागला. शिंप्याला तेच जास्त लागलं.

तो तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी बसला. एक टाचणी लावली. दुसरी लावली.

"जुने पार्टनर फार मस्त करायचे म्हणे," डान्स टीचर म्हणाला. "सर सांगत होते. वाईट झालं हो. असे अचानक गेले."

शिंप्याचा हात थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. चष्मेवाला पाठमोरा उभा राहून पलीकडच्या आपल्याच दुकानाकडे बघत होता, जणू तिथे गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

"कधी गेले?" शिंप्याने विचारलं. टाचण्यांमुळे शब्द नीट उमटले नाहीत. त्याने एकेक टाचणी काढून उशीला टोचली आणि पुन्हा विचारलं, "कधी गेले म्हणाले?"

"ते नाही विचारलं मी. सर, कधी हो?"

"आटपा लवकर," चष्मेवाला मागे न वळता म्हणाला. "उशीर होतोय."

डान्स टीचरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे. काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं. काय ते कळलं नाही.

"काका, नाचताना असंच वाकून राहायचं ना?" विषय बदलावा म्हणून तो म्हणाला आणि वाकला. "पण आतून काहीच दिसत नसेल."

"नाही दिसत," शिंपी म्हणाला. "पुढचा नेईल तिकडे जायचं."

त्याने खडू उचलला आणि नव्या पायाच्या मापाने रेघ मारली.