शेवटचं कडवं

“आई, रागावू नका. पण तुमचा आवाज ओसरलाय,” निशिगंधा म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

पुष्पलताने हातातलं सूप खाली ठेवलं. ताप ओसरतो, खाडीचं पाणी ओसरतं, पंगती उठल्या की मांडवातली गर्दी ओसरते, हे तिला ठाऊक होतं. पण आवाज? ती मोरवा गावची धवलारीण, लग्नातले धवले म्हणजे हळदीची गाणी म्हणणारी. भटजी उशिरा आला तरी चालायचं, पण पुष्पलताने धवला धरल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. आणि आता लग्न होतं केतनचं, तिच्या नातवाचं. त्याची आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. बाकीच्या सगळ्या हळदी तिने हसत सोडल्या असत्या. ही एक सोडायची नव्हती.

“मला तर तसं काय वाटत न्हाय,” ती म्हणाली.

“आपला आवाज आपल्याला कुठे कळतो, आई? परवा तुम्ही गात होतात तेव्हा मागे बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.”

ही धाकटी सून मीरा रोडची, शिकलेली, बोलायला गोड. वर्षभर सासूकडून धवले शिकत होती. हल्ली मीरा रोडच्या हॉलमधल्या हळदींनाही धवलारीण लागते, नऊवारीतली आणि माइकवाली. पुष्पलता काही दुधखुळी नव्हती. सुनेच्या शब्दावर न जाता तिने केतनलाच विचारलं. हा पोरगा तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. लहानपणी कुणाची काच फोडली तरी आपणहून येऊन सांगायचा.

केतनने मोबाइलमधून मान वर केली नाही. “आजी, तू खूप केलंस गं. आता काकूला गाऊ दे,” एवढंच तो म्हणाला.

संपलं मग. मोरीत नळ सोडून ती पोटभर रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि सुनेला उरलेसुरले धवले शिकवायला बसली. देताना हात आखडता घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

राहिलं होतं शेवटचं कडवं. त्याची रीत वेगळी. एका बाईने एका लग्नात ते एकदाच म्हणायचं, आणि एकदा सुरू केलं की काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलं तर जोडीला अपशकुन. निशिगंधा म्हणाली, एकदा तरी ऐकल्याशिवाय मला जमणार कसं? केतननेही लाडीगोडी लावली. काकूला पाठ करायला बरं पडेल म्हणून त्याने मोबाइल ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला. पुष्पलता डोळे मिटून गायली. पहिली ओळ संपते न संपते तोच शेगडीवरच्या कुकरने शिट्टी दिली. ती थांबली नाही. कडवं पुरं करून मग हसली, म्हणाली, मेला माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गातो. पुन्हा एकदा म्हणा म्हणून निशिगंधाने फार गळ घातली. पुष्पलताने साफ नकार दिला. केतनच्या लग्नातली तिची पाळी आता झाली होती.

हळदीच्या दिवशी मैदानात विटांच्या चुलींवर मटणाचे टोप चढले. इकडे घरासमोरच्या मांडवात निशिगंधा हिरवी नऊवारी नेसून माइकसमोर उभी राहिली. पुष्पलता मुद्दाम मागच्या रांगेत, शेजारच्या मंदाजवळ बसली.

धवला सुरू झाला आणि तिच्या अंगावर काटाच आला. श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे ओढायचा, नेमकं कुठे हळू व्हायचं, सगळं शिकवलं तसंच. मंदा तिच्या कानाशी लागली, “सुनेनं तुझं नाव राखलं हां, बाय. असा गळा आख्ख्या भायंदरमदे न्हाय.”

पुष्पलताचे डोळे भरून आले. इतके दिवस मनात धरलेला राग कुठल्या कुठे गेला. बरं झालं आपण बाजूला झालो, तिला वाटलं, उगीच अडून बसलो असतो. फक्त पाटावर बसलेला केतन एकदाही तिच्याकडे बघत नव्हता, तेवढं तिला खटकलं.

निशिगंधाने शेवटचं कडवं धरलं. मांडव चिडीचूप झाला. पुष्पलताने हात जोडून डोळे मिटले. पहिली ओळ संपते न संपते तोच स्पीकरमधून कुकरची शिट्टी झाली.